कॉलेजच्या ग्रंथालयाचं कंत्राट आणि आपलं मुकेपण

पाणवठ्यावर आता पाटी लावत नाहीत. आता टेंडर काढतात. कोण आत येणार, कोण बाहेर राहणार हे टेंडरच्या कागदावर ठरतं, आणि त्या कागदावर जात हा शब्द कुठंच नसतो. म्हणून तो कागद आपल्या डोळ्यांत खुपत नाही.

मी बोलतोय कॉलेजच्या ग्रंथालयाबद्दल. हसू नका. अत्याचार, जमीन, स्कॉलरशिप एवढे प्रश्न पडलेत आणि हा बाबा पुस्तकांच्या कपाटाचं काय घेऊन बसला, असं वाटेल. ऐकून घ्या. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो, तेही ठेकेदाराच्या हजेरीवर. दहावीला शाळा सुटली. पुढं जे काही शिकलो ते रात्रपाळी उतरून, तालुक्याच्या कॉलेजच्या वाचनकक्षात, बाहेरचा वाचक म्हणून. तेव्हा ग्रंथालय म्हणजे काय हे मला ठाऊक आहे आणि ठेका म्हणजे काय हेही ठाऊक आहे. हे दोन्ही एका छपराखाली आले की काय होतं ते सांगायला माझ्याएवढा साक्षीदार तुम्हाला पीएचडीवाल्यांत सापडायचा नाही.

काय चाललंय ते आधी नीट बघा. कॉलेजांची आणि विद्यापीठांची ग्रंथालयं तुकड्या-तुकड्यानं ठेकेदाराच्या हातात जातायत. इंग्रजीत त्याला आउटसोर्सिंग म्हणतात. शासनाच्या कागदात 'बाह्ययंत्रणेद्वारे' असा जड शब्द असतो. आपल्या वस्तीत सरळ 'ठेक्यावर' म्हणतात. आधी झाडलोट ठेक्यावर गेली. मग दारावरचा पहारेकरी गेला. मग झेरॉक्स. इथवर कुणाच्या बापाला काही वाटलं नाही, कारण झाडणारी आपलीच माणसं. मग रॅकवर पुस्तकं लावणारा ग्रंथालय परिचर गेला. मग देवघेवीच्या खिडकीवरचा कारकून गेला. मग पुस्तकांचं वर्गीकरण आणि तालिकीकरण, म्हणजे कुठलं पुस्तक कुठल्या विषयाचं, ते कुठल्या नावाखाली सापडेल, हे ठरवायचं काम. तेही पुस्तकामागं अमुक रुपये या दरानं एजन्सीला. जुनी पानं स्कॅन करायची तर पानामागं दर. माणसं हवीत तर सरकारच्या जेम नावाच्या ऑनलाइन बाजारात टेबल-खुर्ची मिळते, त्याच बाजारात मनुष्यबळही मिळतं. एका खिडकीत कपाट, दुसऱ्या खिडकीत कपाट पुसणारा.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट स्टेट विद्यापीठानं १९९३ साली आपल्या ग्रंथालयाचा तालिकीकरणाचा सबंध विभाग बंद केला आणि काम ओसीएलसी या बाहेरच्या संस्थेला दिलं. तिथल्या ग्रंथपालांनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला. आपल्याकडं वादसुद्धा नाही. पण गिरणीवाल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको. मुंबईच्या मालकांनी कापड बाहेर यंत्रमागावर विणून घेतलं आणि वर आपल्या गिरणीचा शिक्का मारला. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते, तेव्हा भिवंडी-इचलकरंजीचे माग धडधडतच होते. शिक्का मालकाचा, घाम अनोळखी माणसाचा, आणि जबाबदारी कुणाचीच नाही. ग्रंथालयात तेच चाललंय. शिक्का विद्यापीठाचा, माणूस ठेकेदाराचा.

आता मूळ दुखण्यावर येतो.

महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यानं अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. विद्यापीठं आणि अनुदानित संस्था त्या कायद्यात येतात. म्हणजे ग्रंथालयात परिचराची, लिपिकाची, सहायक ग्रंथपालाची जागा मंजूर असेल तर ती बिंदुनामावलीवर चढते. कुठला बिंदू कुणाचा ते ठरलेलं असतं. केंद्र सरकारचा स्वतःचा नियम तर असा आहे की ४५ दिवस किंवा जास्त चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीलाही आरक्षण लागू होतं. मग पळवाट कुठली? पळवाट अशी की नेमणूकच करायची नाही. जागा भरायची नाही. जागेऐवजी सेवा विकत घ्यायची. कॉलेज म्हणतं, आम्ही माणूस ठेवलाच नाही, आम्ही तर सेवा घेतली. ठेकेदार म्हणतो, मी खासगी माणूस, मला बिंदुनामावली लागू नाही. दोघांच्या मधे आपला बिंदू गायब. कुणी चोरला? सांगता येत नाही. पोलिसात तक्रार कुणाची देणार?

मित्रांनो, संविधानाचं कलम १६(४) कुणी रद्द केलं नाही. रद्द करायची गरजच उरली नाही. ज्या जागेला ते लागू होतं ती जागाच उचलून नेली की कलम आपोआप पुस्तकात पडून राहतं. आणि ते पुस्तक ज्या कपाटात आहे त्याची किल्ली ठेकेदाराकडं.

इथं कुणीतरी म्हणतो, आणि हा म्हणणारा बऱ्याचदा आपलाच असतो, की अरे पण ठेक्यावर कामाला आपलीच पोरं आहेत ना? मग तक्रार कसली?

बरोबर आहे. आपलीच आहेत. माझा चुलतभाऊच एका कॉलेजच्या ग्रंथालयात ठेक्यावर आहे. बी.ए. झालाय, ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलाय. सकाळी साडेआठला जातो, संध्याकाळी सातला येतो. रॅक पुसतो, पुस्तकं लावतो, संगणकावर नोंदी करतो, साहेबांचा चहा आणतो. शेजारच्या टेबलावर कायम लिपिक आहे, तेच काम करतो, पगार चौपट. भावाची दर अकरा महिन्यांनी ऑर्डर तुटते, मधे चार दिवस घरी बसवतात, पुन्हा नवी. पाच वर्षं झाली, कागदावर तो कायम नवाच. भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा १२ टक्के हिस्साही ठेकेदार त्याच्याच पगारातून कापतो, आणि दोन्ही हिस्से खात्यावर भरले की नाही ते विचारलं तर म्हणतो, परवडत नसेल तर सोड, बाहेर वीस जण उभे आहेत. त्याच्याबरोबर एक बाई होती. पोटुशी राहिली, सातव्या महिन्यात तिची ऑर्डर पुन्हा निघाली नाही. कुणी काढलं म्हणायचं नाही. फक्त पुन्हा घेतलं नाही.

तर हो, पोरं आपलीच आहेत. आपली पोरं आत आहेत हे खरं, पण हक्कानं नाहीत. गावचं मेलेलं ढोर ओढायलाही आपलीच माणसं लागत होती. कामाला आपण होतोच की. म्हणून ती नोकरी झाली का? ती वेठ होती. बाबासाहेबांनी महार वतन मोडायला १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बिल आणलं, ते काय आपली माणसं कामावर नव्हती म्हणून आणलं? काम होतं. माणूस म्हणून जागा नव्हती.

गिरणीतलंच घ्या. जुन्या मुंबईत आपल्या लोकांना सूत कातायच्या खात्यात घेत, विणकाम खात्यात घेत नसत. तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपला ओठ लागला की धागा बाटे. पगार मात्र विणकाम खात्यातच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या नाकासमोर धरला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, पण मागाजवळ एक नाहीत, ही गोष्ट त्यांनी लपू दिली नाही. आज ग्रंथालयात तेच दोन खाती आहेत. धूळ पुसायच्या खात्यात या, बसा, स्वागत आहे. पुस्तक निवडायच्या, पुस्तकाला नाव द्यायच्या खात्यात जागा मंजूर नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते दोघं एका खुर्चीत बसलेले बघायचे असतील तर ठेक्यावरचं ग्रंथालय बघा.

पोटाचं झालं. आता पुस्तकांचं बोलू, कारण ते पोटाइतकंच आपलं आहे.

ज्या ग्रंथालयात मी वाचायला शिकलो तिथं एक परिचर होते. आमच्याच वस्तीतले, आम्ही काका म्हणायचो. राखीव जागेवर लागलेले, सातवी पास. पण कुठल्या कपाटात काय आहे ते त्यांना झोपेत विचारा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काय मागायचं तेच कळत नव्हतं. अंगाला कापसाची किटाळं चिकटलेली, खिडकीसमोर नुसता उभा. त्यांनी विचारलं, काय वाचतोस रे? म्हटलं, काय पण. ते आत गेले आणि तीन पुस्तकं आणली, तिन्ही आपल्या माणसांनी लिहिलेली. म्हणाले, हे आधी वाच, मग काय पण वाच. कुठल्या संगणकात ही अक्कल भरणार तुम्ही? हा माणूस पोरगा बघून पुस्तक काढायचा.

त्या काकांनी आणखी एक काम केलं होतं जे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. आपली लहान-लहान मासिकं, अनियतकालिकं, मोर्चाची पत्रकं, जयंतीच्या स्मरणिका, सायक्लोस्टाइल केलेले अंक, जो जे आणून देईल ते त्यांनी सुतळीनं बांधून एका कपाटात ठेवलं होतं. त्यांना दाखल नोंदवहीत क्रमांक नव्हता, कारण ती विकत घेतलेली नव्हती. ते निवृत्त झाले. जागा भरली नाही. एजन्सीची माणसं आली. साठा पडताळणी निघाली. ज्याला दाखल क्रमांक नाही, बारकोड लागत नाही, ते सगळं एका दिवसात बाहेर काढलं आणि किलोवर घातलं. मी गेलो तेव्हा कपाटात प्रिंटरचे कागद ठेवले होते. पोरांना शिव्या कशा देणार? त्यांना सांगितलं होतं ते त्यांनी केलं. त्या गठ्ठ्यात काय आहे हे माहीत असणारा माणूस पगारावर नव्हता, एवढंच.

तुम्ही विचाराल, एका कॉलेजच्या रद्दीचं एवढं काय? अरे, आपला इतिहास कुठल्या मोठ्या छापखान्यात छापला गेला? तो असाच छापला गेला, स्टेन्सिल कापून, उधारीच्या कागदावर. आता तुम्ही वाचताय तो अंक घ्या. याला ना पुरवठादार, ना बारकोड, ना कुठल्या एजन्सीच्या यादीत नाव. ठेकेदार पुस्तकं घेतो ती यादीवरून, आणि यादी बनते मोठ्या प्रकाशकांच्या सवलतीवरून. परदेशातल्या तालिकांमधून तयार नोंदी उतरवून घ्यायच्या म्हटलं तर इंग्रजी पुस्तकांच्या हजार नोंदी मिळतात, आपल्या मराठी अंकाची एक मिळत नाही. ती कुणीतरी बसून, वाचून, हातानं करावी लागते. तिला वेळ लागतो. पुस्तकामागं दर घेणाऱ्याला वेळ परवडत नाही. म्हणून ठेक्याच्या ग्रंथालयात आपण सर्वांत आधी गळतो. आपल्याविरुद्ध कुणी कट करावा लागत नाही. दरपत्रकच पुरतं.

आणि गळलो नाही तर चुकीच्या घरात पडतो. पुस्तकांना आकडे द्यायची एक पद्धत ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसानं १८७६ साली काढली, ती आपल्याकडं सर्रास चालते. त्यात २९४ या आकड्याखाली भारतातले धर्म. बौद्ध धम्माचा आकडा २९४.३, हिंदू धर्माचा २९४.५. मधे दोन घरांचं अंतर. त्याच ग्रंथालयात एजन्सीनं सगळ्या पुस्तकांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. मी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' शोधायला गेलो तर २९४.३ मध्ये नाही. दोन दिवस शोधलं. सापडलं कुठं? २९४.५ मध्ये, दशावताराच्या पोथीला खेटून. चिठ्ठी लावणाऱ्या पोराला विचारलं. म्हणाला, दादा, दिवसाला एवढी पुस्तकं उरकायची असतात, नावात धम्म दिसला, धर्मात टाकलं.

नुसती चिठ्ठी म्हणाल तुम्ही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, असा त्यातल्या एकीचा अर्थ. बाबासाहेबांचा तो ग्रंथ १९५७ साली, ते गेल्यानंतर, सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनानं बाहेर आला. ज्या घरातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं, त्याच घरात एका चिकटपट्टीनं त्यांचाच ग्रंथ परत नेऊन ठेवला. त्या ठिकाणी काका असते तर असं झालं नसतं. सातवी पास काकांना ते दोन घरांचं अंतर कळत होतं, कारण ते अंतर त्यांच्या बापानं नागपूरला चालत जाऊन कापलं होतं.

आता त्यांचं म्हणणं ऐकू. म्हणतात, पैसा वाचतो.

कुणाचा वाचतो ते मोजा. एजन्सीच्या बिलात कामगाराचा पगार, निधी, विमा, वर एजन्सीचं कमिशन, आणि मनुष्यबळ पुरवठ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे संस्थेच्या तिजोरीतून निघालेल्या रुपयाला वाटेत दोन भोकं पडतात आणि उरलेलं माणसाच्या हातात येतं. तरीही 'बचत' होते म्हणतात. मग ती कुठून झाली? पेन्शन नाही, रजा नाही, वेतनवाढ नाही, बाळंतपण नाही, वय वाढलं की माणूस बदलला. ही बचत आपल्या आयांच्या गुडघ्यांतून काढलेली आहे. तिला बचत म्हणू नका.

म्हणतात, आता सगळं मोबाईलवर आहे, ग्रंथालयात माणूस कशाला?

मी यंत्राचा वैरी नाही. मी आठ तास यंत्रापुढंच उभा असतो. यंत्रानं कामगाराला कधी काढलं नाही, यंत्राच्या मालकानं काढलं. ग्रंथालयाचं संगणकीकरण करायला कोहासारखी फुकट प्रणाली आहे, आपल्या देशातल्या इन्फ्लिबनेटनं केलेली सोल आहे. कायम माणसाला शिकवा, तो चालवेल. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० च्या वर सरकारी संस्था. चांगली गोष्ट आहे. पण पाटोद्याची, किनवटची पोरगी पहिल्यांदा त्या इंग्रजी पडद्यासमोर बसली की तिला कुठली कळ दाबायची, काय शोधायचं, हे कोण सांगणार? प्रकाशकांना द्यायला हजारो कोटी आहेत, आणि पडद्याशेजारी बसणाऱ्या माणसाच्या पगाराचा विषय निघाला की तिजोरीत खडखडाट. ज्याच्या घरी तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्याला माणसाशिवाय चालेल. तो बापाला विचारेल. आपण कुणाला विचारायचं?

आणि मी आंधळा विरोध करत नाही. पुस्तकबांधणीवाला बाहेरचा असू दे. संगणक बिघडला तर बाहेरचा मिस्त्री येऊ दे. माझी साधी कसोटी आहे. ज्या कामाला पुस्तकाची आणि वाचकाची ओळख लागते, आणि जे काम वर्षाचे बारा महिने चालतं, ते ठेक्यावर जाता कामा नये.

ही कसोटी मी घरी बसून काढली नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, त्याच्या कलम १० मध्ये सरकारनं कंत्राट कुठं बंद करावं याचे निकष होते. काम बारमाही आहे का, ते एरवी कायम कामगारांकडून होतं का, असे. तो कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. नव्या संहितेत शब्द आहे 'मुख्य काम'. मुख्य कामात कंत्राट नको म्हणते, पण लगेच अपवादांची माळ लावते, आणि झाडलोट, पहारा, आधाराच्या सेवा वगैरे मुख्य कामातून बाहेर काढते. शिवाय ५० पेक्षा कमी कंत्राटी माणसं असतील तर कंत्राटाचा हा भाग लागूच होत नाही. आता सांगा, कुठल्या कॉलेजच्या ग्रंथालयात ५० माणसं असतात?

म्हणून यापुढचं भांडण एका प्रश्नावर होणार. ग्रंथालय हे कॉलेजचं मुख्य काम आहे की नाही? नॅकची समिती आली की प्राचार्य छाती फुगवून सांगतात, ग्रंथालय हे आमच्या महाविद्यालयाचं हृदय आहे. नॅकच्या सात निकषांत ग्रंथालयाला स्वतंत्र गुण असत, तेव्हा फुलांच्या रांगोळ्या निघत. आणि पगाराची वेळ आली की तेच हृदय 'आधाराची सेवा' होतं. हृदय ठेक्यावर ठेवून जगणारा प्राणी मी तरी अजून बघितला नाही.

न्यायालयावर फार विसंबू नका, पण हात टेकूही नका. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की कंत्राट बंद झालं तरी कामगार आपोआप कायम होत नाही. तिथं आपण हरलो. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात त्याच न्यायालयानं केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना कायम करायला लावलं, आणि सरकारी खात्यांनी ठेकेदाराची ढाल पुढं करू नये असं सुनावलं. झाडलोट करणाऱ्या बाया दिल्लीपर्यंत लढल्या. आणि आपण पदव्या घेऊन गप्प.

रस्त्यावरही जिंकता येतं. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र शासनानं नऊ खासगी एजन्सींकडून कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मागं घ्यावा लागला. पण त्यानंतर आपण घरी गेलो, आणि कॉलेजं आपापल्या पातळीवर तेच करत राहिली. शाळांचं तर आधीच झालं होतं. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतल्या शिपाई वर्गाच्या जागा मोडून ठोक भत्ता ठरवला. मोठं दार बंद झालं की आपण ओरडतो, खिडक्या एक-एक करून बंद होतात तेव्हा नाही.

आणि आता थोडं घरातलं. आपले प्राध्यापक लोक परिषदेत 'ज्ञानव्यवहारातील वर्चस्व' यावर निबंध वाचतात. त्या निबंधासाठी पुस्तक काढून देणारा पोरगा ठेक्यावर आहे, हे त्यांच्या निबंधात येत नाही. आपल्या पुढाऱ्यांच्याही संस्था आहेत. भिंतीवर बाबासाहेब, खाली ठेकेदाराची हजेरी. जयंतीला लाखाचा डीजे, आणि ग्रंथालयाला वर्षाकाठी नवं पुस्तक नाही. या लोकांना आपण विचारत नाही, कारण ते आपले. अरे, आपल्यांना विचारायचं नाही तर कुणाला विचारायचं?

२० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. आपली माणसं तेव्हा उपाशी होती, अंगावर धड कापड नव्हतं. तरी त्या सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या पाठोपाठ ग्रंथालयं होती. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं, तर कामाला जाणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. बाबासाहेबांनी कॉलेजची वेळ कामगाराच्या पाळीकडं बघून ठरवली. आज ठेक्याची माणसं पाचला कुलूप लावतात, कारण ठेक्यात जादा तास लिहिलेले नाहीत. माझी पहिली पाळी सुटते साडेतीनला. घरी जाऊन, हातपाय धुऊन पोहोचेपर्यंत कुलूप.

म्हणून मागण्या मांडतो. त्यात भर घाला, कापू नका.

एक, ग्रंथालयातल्या मंजूर जागा बिंदुनामावलीप्रमाणे भरा, अनुशेष आधी.

दोन, वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव आणि परिचर ही कामं मुख्य काम म्हणून लिहून द्या, ती ठेक्यावर नकोत.

तीन, आज ठेक्यावर असलेल्या पोरा-पोरींना काढून नव्हे, तर आधी त्यांनाच प्राधान्य देऊन भरती करा. त्यांचा निधी भरला की नाही त्याची चलनं भिंतीवर लावा.

चार, आपली अनियतकालिकं, पत्रकं, स्मरणिका दाखल नोंदवहीत घ्या. क्रमांक द्या. क्रमांक नसलेला कागद रद्दीत घालण्यापूर्वी विद्यार्थ्यांची समिती बघेल.

पाच, ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं, आणि कामगाराला बाहेरचा वाचक म्हणून परवानगी.

मोर्चा नंतर. आधी कागद. २००५ चा माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांची मुदत आहे. आपापल्या कॉलेजात अर्ज टाका. ग्रंथालयात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, बिंदुनामावलीची प्रत, एजन्सीबरोबरच्या कराराची प्रत, गेल्या तीन वर्षांत रद्द केलेल्या पुस्तकांची यादी. पाच ओळींचा अर्ज. लिहायला अर्धा तास लागतो. ठेक्यावरच्या पोराला त्यात पुढं करू नका, त्याची भाकरी जाईल. अर्ज तुम्ही करा, तुम्ही विद्यार्थी आहात, तुम्हाला कुणी काढू शकत नाही. त्या पोराला चहाला बोलवा, त्याचं नाव विचारा, त्याच्याकडून पगाराच्या पावत्यांची नक्कल ठेवून घ्या. उद्या कोर्टात तीच कामाला येईल.

पुढच्या अंकापर्यंत जेवढे कागद हातात येतील तेवढे घेऊन या. मी रविवारी पाळी बदलून घेतो. एकत्र बसू, वाचू, आणि मग कुणाच्या दारात जायचं ते ठरवू.

जय भीम.